घड्याळ तेच, माणूस दुसरा: धंद्यातून संसदेत जाणारे आणि पक्ष बदलणारे

१३ मे २०२४. हडपसरच्या एका शाळेत मतदान करून आत्या बाहेर आली. बोटावरची शाई अजून ओली होती. कोणतं बटण दाबलं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रिक्षात बसता बसता तिने एवढंच विचारलं, "अरे, घड्याळापुढे आढळरावांचा फोटो कसा काय? ते तर धनुष्यबाणवाले ना?"

प्रश्न अगदी रास्त होता. हडपसर पुणे शहरात असलं तरी लोकसभेला ते शिरूर मतदारसंघात येतं. २०१९ मध्ये इथे राष्ट्रवादीचं घड्याळ होतं डॉ. अमोल कोल्हे यांच्याकडे आणि शिवसेनेचा धनुष्यबाण शिवाजीराव आढळराव पाटलांकडे. पाच वर्षांनी तेच दोघं पुन्हा समोरासमोर आले, पण आता घड्याळ आढळरावांकडे आणि कोल्हे शरद पवार गटाच्या तुतारीवर. शिवाय २०१९ च्या निवडणुकीच्या जेमतेम काही आठवडे आधीपर्यंत कोल्हे स्वतः शिवसेनेतच होते. म्हणजे एकाच मतदारसंघातले दोन प्रमुख उमेदवार, दोघांनीही पक्ष बदललेला, आणि मधल्या काळात घड्याळवाला पक्षच दुभंगलेला. तुतारीशी गल्लत होणाऱ्या पिपाणी या चिन्हाचा घोळ वेगळाच.

आत्याचा पुढचा प्रश्न: "पक्षांतरबंदी कायदा आहे ना? मग यांना कोणी अडवलं कसं नाही?"

अडवलं नाही, कारण दोघांपैकी कोणीही कायदा मोडलेला नव्हता. कसा, ते समजून घ्यायचं तर आधी माणूस संसदेपर्यंत कसा पोहोचतो ते पाहावं लागतं आणि मग त्या कायद्याची नजर नेमकी कशावर आहे ते.

धंद्यातला माणूस पक्षाला का हवा असतो?

पुण्यात याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. आढळराव इलेक्ट्रॉनिक्सच्या उद्योगातून आलेले. २००४ मध्ये राष्ट्रवादी सोडून शिवसेनेत गेले आणि तेव्हाच्या खेड मतदारसंघातून खासदार झाले. मतदारसंघांची फेररचना झाल्यावर २००९ आणि २०१४ ला शिरूरमधून निवडून आले. २०१९ ला हरले, २०२२ च्या फुटीत एकनाथ शिंदेंबरोबर गेले आणि मार्च २०२४ मध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीत आले. वीस वर्षांनी घड्याळाकडे परत.

सुरेश कलमाडींचा रस्ता आणखी वळणांचा. हवाई दलात वैमानिक, मग डेक्कनवरचं पूना कॉफी हाऊस, मग युवक काँग्रेस आणि १९८२ मध्ये राज्यसभा. १९९६ ला ते काँग्रेसकडून पुण्याचे खासदार झाले. १९९८ ला मात्र काँग्रेसबाहेर पडून भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यावर अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या विठ्ठल तुपेंकडून हरले. २००४ आणि २००९ ला परत काँग्रेसकडूनच निवडून आले. ज्या पुणेकरांनी १९९८ च्या प्रचारात त्यांच्यावर टीका करत सायकली फिरवल्या, त्यांच्यातल्याच काहींनी २००४ ला त्यांच्या चिठ्ठ्या वाटल्या असणार. हे शहर असल्या गोष्टी विसरत नाही, फक्त दुपारी एक ते चार त्यावर बोलत नाही.

उद्योजकाला जवळ करायला पक्षाकडे पैशाशिवायही कारणं असतात. लोकसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रासारख्या राज्यात ९५ लाख रुपयांपर्यंतच खर्च करता येतो. पक्षाने पक्ष म्हणून केलेल्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही, म्हणजे पैसा वाहायला दुसरा पाट मोकळा आहे. पण उद्योजक आणखी काही घेऊन येतो. त्याच्याकडे पगारी माणसं असतात, गाड्या असतात, हिशेब ठेवण्याची सवय असते, आणि त्याने नोकरीला लावलेल्या पोरांची घरं असतात. ग्रामीण भागात याच गोष्टी साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था किंवा शिक्षण संस्थेतून येतात. आपल्याकडे 'त्यांच्या संस्था आहेत' असं म्हणतात, त्यात हे सगळं आलं. नव्याने पक्षात आलेल्या उद्योजकाला जुन्या गटबाजीची देणीही फेडायची नसतात.

आणि उद्योजकाला काय मिळतं? इथे एक गैरसमज आहे. खासदार झाला म्हणून त्याला कोणाची जमीन बिगरशेती करून देता येत नाही किंवा चटईक्षेत्र वाढवून देता येत नाही. ती कामं महापालिकेची, कलेक्टर कचेरीची, राज्य सरकारची. खासदाराच्या हातात वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, तोही तो स्वतः खर्च करत नाही, कामं सुचवतो. मंत्र्याला सभागृहात प्रश्न विचारता येतो. संसदीय समितीत बसता येतं, जिथे एखाद्या खात्याचे सचिव समोर येऊन उत्तरं देतात. खरी किंमत आहे ती फोनची. कारखानदाराचा फोन साहेब जेवून झाल्यावर घेतात, खासदाराचा जेवता जेवता.

दोन दारं: पुढचं आणि मागचं

संसदेत जायला दोन दारं आहेत. लोकसभेचं दार मतदारांच्या गर्दीतून जातं. राज्यसभेचं दार मुंबईत, विधानभवनात उघडतं, कारण राज्यसभेच्या खासदाराला आमदार निवडतात. राज्यसभेला मागचं दार म्हणणं अन्यायाचं आहे, फार मोठी माणसं तिथून गेली आहेत. पण ज्याला गावोगाव फिरायचं नाही त्याला हे दार सोयीचं पडतं, हेही खरं.

गणित सोपं आहे. महाराष्ट्रात २८८ आमदार आणि राज्यसभेच्या १९ जागा. सगळ्या एकदम रिकाम्या होत नाहीत, दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश होतात. जितक्या जागा भरायच्या त्यात एक मिळवायचा आणि त्याने आमदारांच्या संख्येला भागायचं. सहा जागा असतील तर २८८ भागिले सात, म्हणजे ४१ आणि वर थोडे. म्हणून एका उमेदवाराला साधारण ४२ मतं लागतात. सात जागा असतील तर ३७ पुरतात. पोटनिवडणुकीत एकच जागा असेल तर थेट निम्म्याहून जास्त, म्हणजे १४५.

आता गंमत बघा. पक्षाचे दोन उमेदवार निवडून आले की काही मतं उरतात. चार पक्षांची उरलेली मतं आणि दहाबारा अपक्ष आमदार असे तुकडे जोडता आले तर एक जास्तीची जागा तयार होते. ही तुकडे जोडायची जागा बहुतेक वेळा अशा माणसाला मिळते ज्याचं सगळ्या पक्षांत येणंजाणं असतं. असं येणंजाणं कोणाचं असतं? व्यापाऱ्याचं, कारण त्याला सगळ्यांना माल विकायचा असतो.

प्रमोद महाजनांच्या निधनानंतर २००६ मध्ये रिकाम्या झालेल्या जागेवर आकुर्डीच्या बजाज ऑटोचे राहुल बजाज अपक्ष म्हणून निवडून आले. त्यांच्यामागे भाजप आणि शिवसेना होती आणि राष्ट्रवादीही. समोर काँग्रेसचा उमेदवार होता. त्या वेळी राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादीचं एकत्र सरकार होतं! २०१४ मध्ये पुण्याचे बांधकाम व्यावसायिक संजय काकडे अपक्ष म्हणून राज्यसभेवर गेले. तेव्हा सात जागांसाठी सातच उमेदवार उरले, त्यामुळे मतदानच झालं नाही.

जून २०२२ मध्ये मात्र झालं. सहा जागा, सात उमेदवार. सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार आणि भाजपचे धनंजय महाडिक. महाडिक २०१४ ला राष्ट्रवादीकडून कोल्हापूरचे खासदार झालेले, २०१९ ला पडलेले. पहाटेपर्यंत मोजणी अडली, एक मत बाद ठरलं, आणि महाडिक आले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत शिवसेना फुटली, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराने मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते, २००३ पासून तसा नियम आहे. पण दाखवून दुसऱ्याला मत दिलं तर? आमदारकी जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितलंय की राज्यसभेचं मतदान पक्षांतरबंदी कायद्यात येत नाही. पक्ष फार तर हाकलून देईल.

धंदा चालू ठेवून खासदार होता येतं का?

येतं. खासदाराने दुकान बंद करावं असा नियम नाही. अडचण एकाच ठिकाणी येते: सरकारशी कंत्राट. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९अ नुसार ज्याचं सरकारशी माल पुरवण्याचं किंवा काम करण्याचं कंत्राट चालू आहे, तो निवडणूक लढवायला अपात्र. कारण उघड आहे. बिल पास करणारा आणि बिल लावणारा एकच माणूस नको.

पण कलम बारीक वाचलं तर त्यातून दोन वाटा निघतात. पहिली, संसदेसाठी 'सरकार' म्हणजे केंद्र सरकार. राज्याच्या बांधकाम खात्याचा रस्ता किंवा महापालिकेच्या ड्रेनेजचं काम यात धरत नाहीत. दुसरी, कंत्राट त्या माणसाने स्वतः आपल्या धंद्यात केलेलं हवं. रस्त्याच्या कडेला कामाची माहिती देणारा बोर्ड असतो ना, त्यावर ठेकेदाराच्या जागी 'अमुक अमुक प्रायव्हेट लिमिटेड' लिहिलेलं असतं. कायद्याच्या नजरेत कंपनी हा वेगळा माणूस असतो. कंपनी त्यांची असली तरी कंत्राट 'त्यांचं' नसतं.

लोकसभा आणि राज्यसभा यांच्यात इथे एक फरक आहे जो फारसा कोणाला माहीत नसतो. राज्यसभेच्या नियमांप्रमाणे (नियम २९३) तिथल्या सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. पगारी संचालकपद, नियंत्रण ठेवण्याइतके शेअर्स, पैसे घेऊन दिलेला सल्ला, असं सगळं त्यात लिहायचं. लोकसभेत असली नोंदवही नाही. मागच्या दाराने जाणाऱ्याला वहीत सही करावी लागते, पुढच्या दाराने जाणाऱ्याला नाही!

पक्षांतरबंदी: कंपनीची गाडी

आता आत्याच्या प्रश्नाकडे. १९६७ मध्ये हरियाणात गया लाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, त्यावरून 'आयाराम गयाराम' हा शब्द आला. कायदा यायला मात्र आणखी अठरा वर्षं लागली. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला दहावी अनुसूची, म्हणजे दहावं परिशिष्ट, जोडलं गेलं. पक्षांतरबंदी कायदा म्हणतात तो हाच.

हा कायदा समजायला कंपनीच्या गाडीचं उदाहरण बरं पडतं. तुम्ही सेल्समन आहात, कंपनीने गाडी दिलीय. उद्या नोकरी सोडून दुसऱ्या कंपनीत जायचंय? खुशाल जा. पण किल्ल्या टेबलावर ठेवून जा. दहाव्या अनुसूचीत गाडी म्हणजे सभागृहातली खुर्ची. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलात, तर पक्ष सोडताना खुर्चीही सोडायची. कायदा माणसाच्या निष्ठेकडे बघतच नाही, तो फक्त गाडीच्या किल्ल्या बघतो.

खुर्ची दोन कारणांनी जाते. एक, सदस्याने पक्षाचं सदस्यत्व स्वेच्छेने सोडलं तर. दोन, व्हिप मोडला तर. व्हिप म्हणजे मतदान कसं करायचं याचा पक्षादेश. तो मोडून मत दिलं किंवा गैरहजर राहिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व धोक्यात.

'स्वेच्छेने सोडणं' म्हणजे राजीनाम्याचा कागद देणंच असं नाही. वागण्यावरूनही तसा अर्थ काढता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितलं. २०१७ मध्ये राज्यसभेतले शरद यादव यांनी पक्षाचा राजीनामा दिलेला नव्हता. पक्षाने बजावलेलं असूनही ते पाटण्यात लालूप्रसादांच्या सभेत व्यासपीठावर गेले आणि डिसेंबरमध्ये त्यांचं सदस्यत्व रद्द झालं.

मग हडपसरला काय झालं?

काहीच नाही, कारण गाडीच नव्हती. आढळराव २०१९ ला हरले. २०२२ आणि २०२४ ला त्यांनी पक्ष बदलला तेव्हा ते खासदार नव्हते. कोल्हे २०१९ ला राष्ट्रवादीत आले तेव्हा तेही कुठल्या सभागृहात नव्हते. ज्याच्याकडे खुर्ची नाही त्याला दहावी अनुसूची हातही लावत नाही. वर्तमानपत्रात 'पक्षप्रवेश' म्हणून फोटो येतात, शाल, पुष्पगुच्छ, मागे फ्लेक्स, त्यातले बहुतेक या गटातले असतात: पडलेले, तिकीट न मिळालेले किंवा मुदत संपत आलेले. पुण्यातलेच रवींद्र धंगेकर घ्या. शिवसेना, मनसे, काँग्रेस, मार्च २०२३ मध्ये कसब्यातून आमदार, २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा दोन्ही हरले आणि मार्च २०२५ मध्ये शिंदेंच्या शिवसेनेत. शेवटची उडी मारताना हातात किल्ल्या नव्हत्या.

म्हणून पक्षांतराची बातमी वाचताना पहिला प्रश्न 'का गेला' हा नको. 'कधी गेला' हा विचारा. तारखेवरून अर्धी गोष्ट कळते.

खुर्ची असताना जायचं असेल तर?

तर राजीनामा द्यायचा आणि परत लोकांसमोर जायचं. उदयनराजे भोसले मे २०१९ मध्ये राष्ट्रवादीकडून साताऱ्याचे खासदार झाले, सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणुकीला उभे राहिले. १८ ऑक्टोबरची शरद पवारांची ती पावसातली सभा याच निवडणुकीची. उदयनराजे हरले, श्रीनिवास पाटील आले. माझ्या मते हा कायद्याचा सगळ्यात स्वच्छ वापर: किल्ल्या ठेवल्या, नवी गाडी मागितली, लोकांनी नाही म्हटलं. पण गोष्ट तिथे संपली नाही. २०२० मध्ये भाजपने त्यांना राज्यसभेवर पाठवलं. पुढचं दार बंद झालं तर मागचं असतं, ते हे. २०२४ ला ते साताऱ्यातून लोकसभेवर परत आले.

अपक्षाचं त्रांगडं

अपक्ष निवडून आलेल्याला नियम जास्त कडक आहे. त्याने निवडून आल्यावर कुठल्याही पक्षात प्रवेश केला तर खुर्ची जाते. तर्क असा की लोकांनी तुला कोणाचाच नाहीस म्हणून निवडलं, आता कोणाचा होऊ नकोस.

पण पाठिंबा देणं म्हणजे प्रवेश नव्हे. यातून 'सहयोगी' हा मोठा उपयोगी शब्द जन्माला आला. काकडे अपक्ष निवडून आले आणि बातम्यांत भाजपचे सहयोगी खासदार म्हणून ओळखले गेले. सहयोगी म्हणजे पंगतीला बसायचं, पण यजमानाच्या यादीत नाव घालायचं नाही. हे बेकायदा नाही. राष्ट्रपतींनी नेमलेल्या खासदाराला मात्र सवलत आहे. त्याला शपथेनंतर सहा महिन्यांत पक्ष निवडता येतो, नंतर नाही.

एकट्याने गेला तर गुन्हा, झुंडीने गेले तर?

इथे कायद्याचं खरं दुखणं आहे. मूळ १९८५ च्या कायद्यात एक तृतीयांश आमदार-खासदार बाहेर पडले तर ती 'फूट' धरून माफ व्हायची. किरकोळ विक्रीला बंदी, घाऊकला मुभा. मार्केट यार्डात शोभेल असा नियम. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ही फुटीची तरतूद काढून टाकली. आता उरलंय ते विलीनीकरण: पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि सभागृहातल्या दोन तृतीयांश सदस्यांनी ते मान्य केलं तर सदस्यत्व वाचतं.

मग २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली तेव्हा बाहेर पडलेल्यांनी 'आम्ही विलीन झालो' म्हटलं का? नाही. 'आम्ही फुटलो' असंही नाही, कारण फुटीला माफी उरलेली नाही. ते म्हणाले, 'पक्ष आम्हीच आहोत, बाहेर तुम्ही गेलात.'

गणपती मंडळात भांडण झालं की काय होतं ते पुणेकराला वेगळं सांगायला नको. दोन गट पडतात. दोघंही म्हणतात मंडळ आमचंच. मग प्रश्न येतो पावतीपुस्तकं कोणाकडे, मंडळाच्या नावाचा बोर्ड कोणाचा आणि मिरवणुकीतला नंबर कोणाला. नवं मंडळ काढायला कोणीच तयार नसतं, कारण वर्गणी जुन्या नावावर मिळते. पक्षाचं चिन्ह म्हणजे हे पावतीपुस्तक. ते कोणाला द्यायचं हे निवडणूक आयोग १९६८ च्या चिन्हविषयक आदेशानुसार ठरवतो. आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण शिंदे गटाला दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ अजित पवार गटाला. त्याच मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने घड्याळाबरोबर 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' असा खुलासा छापायला सांगितला. मतदान यंत्रावरच्या घड्याळाखाली तो खुलासा अर्थातच नव्हता.

निकाल कोण देतं?

खासदार-आमदार अपात्र आहे का, हे ठरवतात सभागृहाचे अध्यक्ष किंवा सभापती. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ही व्यवस्था मान्य केली, पण त्यांच्या निकालाविरुद्ध कोर्टात जाता येईल असंही सांगितलं. अडचण दुहेरी आहे. अध्यक्ष स्वतः एका पक्षाचे असतात, आणि अनुसूचीत मुदत लिहिलेली नाही. २०२० मध्ये न्यायालयाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असं म्हटलं. शिवसेनेच्या आमदारांविरुद्धच्या तक्रारी जून-जुलै २०२२ मधल्या. अध्यक्षांचा निकाल आला १० जानेवारी २०२४ रोजी. खरी शिवसेना शिंदेंची, आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र नाही. फेब्रुवारीत राष्ट्रवादीबद्दलही तसाच. नोव्हेंबरात तर विधानसभेची मुदतच संपणार होती. पार्किंगची पावती गाडी भंगारात निघाल्यावर घरी यावी, तसं.

"मग पक्ष बदलायलाच बंदी घाला"

हे म्हणणं चहाच्या टपरीपासून बँकेच्या रांगेपर्यंत ऐकू येतं. पण पक्षच धोरण बदलून बसला तर सदस्याने काय करायचं? शिवाय पक्षांतराच्या कायद्याने आजही एक नुकसान केलंय ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. व्हिप सरकार पाडण्याच्या मतदानापुरता मर्यादित नाही, तो साध्या विधेयकालाही लागू होऊ शकतो. आपला खासदार शेतकऱ्यांच्या विधेयकावर मनातून विरोधात असला तरी हात वर करतो, कारण खुर्ची जाईल. पक्ष सोडायला अटकाव करायला निघालो आणि तोंड उघडायलाही अटकाव करून बसलो. व्हिप फक्त विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरता ठेवावा ही सूचना जुनी आहे आणि मला ती पटते.

"धंदेवाल्यांनी राजकारणात येऊच नये"

वकिलांनी यावं, डॉक्टरांनी यावं, नटांनी यावं आणि फक्त कारखानदारांनी नाही, हे मला पटत नाही. ज्याने पगारपत्रकावर महिन्याच्या महिन्याला सह्या केल्यात त्याला संसदेत बोलण्यासारखं पुष्कळ असतं. प्रश्न असा की त्याचा धंदा कुठे संपतो आणि खासदारकी कुठे सुरू होते ते आपल्याला दिसतंय का. थोडं दिसतं. २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्जं आणि गुन्ह्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतं.

वाचताना लोक बहुतेक एकच करतात. पाच वर्षांपूर्वीची मालमत्ता, आताची मालमत्ता, 'बघा कितीपट झाली!' हे फसवं आहे. मांजरी-वाघोलीकडची वडिलोपार्जित दोन एकर जमीन काहीही न करता पाच वर्षांत कुठल्या कुठे जाते, तिचा बाजारभाव तेवढा कागदावर बदलतो. त्यापेक्षा कर्जाचा रकाना बघा, कुठल्या बँकेचं आणि किती ते. त्याखाली वादातली सरकारी देणी. आणि नंतर आलेले दोन रकाने: उत्पन्नाचा स्रोत, आणि सरकारशी असलेली कंत्राटं. या दुसऱ्या रकान्यात उमेदवाराची स्वतःची कंत्राटं तर येतातच, पण पती-पत्नीची, भागीदारीतल्या फर्मची आणि ज्यात त्यांचे शेअर्स आहेत अशा खासगी कंपन्यांचीही येतात. कलम ९अ मधून जी प्रायव्हेट लिमिटेड सुटते, ती इथे लिहावी लागते. लढायला बंदी नाही, पण सांगायचं बंधन आहे.

हा कागद मी आत्याला मोबाईलवर मोठा करून दाखवला. चष्मा लावून तिने वरचे आकडे सोडले आणि थेट स्रोताच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे एकच शब्द होता, 'व्यवसाय'.

"कसला?" तिने विचारलं.

तेवढं लिहिलेलं नव्हतं.